माती ही मातीच असल्याचा दाखला

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, यवतमाळ

विषय : परदेशी नाक्यावर अडकलेल्या आईवडिलांच्या सामानातील काळी भुकटी ही नेरच्या कबरस्तानातील माती आहे, विष नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला आजच मिळणेबाबत.

संदर्भ : आईचा काल दुपारी आलेला फोन (अर्धवट).

महोदय,

अर्जदार कु. सालोमी जीवन खंडाळे ही नेर येथे दहावीत शिकते. असा अर्ज मोठ्या माणसाने करावा हे तिला कळते. परंतु घरची मोठी माणसे सध्या यार्देन (जॉर्डन) नदीच्या अलीकडच्या नाक्यावर ताब्यात असल्याने तिनेच पेन हाती घेतला आहे.

अर्जदाराचे वडील जीवन व आई वर्षा हे चर्चच्या मंडळीच्या गटासोबत पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, देश पाहायला गेले. बेथलेहेम, गालील ही नावे आमच्याकडे शेजारच्या गावांसारखी घेतली जातात. निघताना आजी प्रभावती हिने आजोबांच्या कबरीवरची मूठभर माती दिली. "तुह्या बापाची लय इच्छा होती यार्देन पाह्याची. तो नाही गेला, त्याची माती तरी जाऊ दे," असे ती बाबांना म्हणाली. येथवर कोणाचेच काही चुकले नाही.

पुढे चुकले. माती सांडू नये म्हणून आजीने ती कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात भरली. साहेब, आपल्या जिल्ह्यात असले मजबूत पाकीट कोण फेकते? घरोघरी त्यात खिळे नाहीतर सुई-दोरा असतो. बियाण्याला औषध लावलेले असते म्हणून त्यावर कवटी आणि विषाची सूचना छापतात. आपल्याला ती पाहून पाहून दिसेनाशी झाली आहे. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला तीच आधी दिसली.

आईचे शब्द जसेच्या तसे : "सालू, आम्हाले बसवून ठेवलं वं. तुह्या बाबाले दुसऱ्या खोलीत नेलं. मी माती, माती म्हणून राह्यली, कोणाले समजतच नाही. आजीले सांगू नको, अन्..." फोन तेथेच तुटला, तो अजून लागत नाही. गट पुढे गेला. गटप्रमुख कळवितात की, पाकिटात काय आहे हे तुमच्या सरकारने लिहून दिले तर काही बोलता येईल.

तेव्हापासून अर्जदार खिडक्या पालथ्या घालत आहे. एका खिडकीवर म्हणाले, मातीचे परीक्षण होईल, शेताचा गट नंबर आणा. कबरीला गट नंबर नसतो. दुसरीकडे आजोबांचा मृत्यूचा दाखला मागितला. तो आहे, पण आजोबा वारल्याबद्दल कोणालाच शंका नाही. तिसरीकडे "कायले भेतं पोरी, सुटतीन ते," म्हणून चहा दिला. बियाण्याच्या दुकानाचे रहमत चाचा यांनी मात्र हुबेहूब तसेच पाकीट शोधून दिले आणि "बेटा, सिधी कलेक्टरकडे जा, मधात कुठी थांबू नको," म्हणून एस.टी.त बसवले.

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आल्यामुळे अर्जदाराला वाटू लागले होते की आता आपण कोणालाच भीत नाही. ते खोटे निघाले. तिला भीती कवटीची नाही, बाबांची आहे. बाबा घाबरले की हसतात. दवाखान्यात हसतात, पोलीस दिसले की हसतात, आजोबांना मातीत ठेवताना हसले तर मामा त्यांच्यावर धावून गेले होते. त्या खोलीत ते आत्ता हसत असतील. जितके दरडावतील तितके जास्त हसतील. आणि समोरच्या बंदूकवाल्याला ते कोण सांगणार?

सबब विनंती की, मातीच्या दाखल्यातच खाली एक ओळ जोडावी : "जीवन खंडाळे हे घाबरल्यावर हसतात. कृपया राग धरू नये." इंग्रजी मजकूर अर्जदाराने तयार केला आहे, तो बरोबर आहे. फक्त सही हवी.

सोबत : तसेच रिकामे पाकीट, त्याच कबरीवरची मातीची पुडी, चर्चच्या पाळकसाहेबांचे पत्र.

आपल्या सहीसाठी दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,
कु. सालोमी जीवन खंडाळे
दि. १४ नोव्हेंबर २०२५

(शिपाईकाका म्हणतात साहेब मीटिंगमध्ये आहेत. हाक मारल्यास अर्जदार मीटिंगमध्येही येईल.)