सर्वपित्रीला सर्जेरावांची टेप

बारामती
२ सप्टेंबर २०२५

ती. दादास पद्माचा सा. न. वि. वि.

भिगवणच्या चौकात दुधाच्या टँकरखाली येता येता वाचलास, हे तू मला कळवलं नाहीस. तुझ्या भाच्याला, अनिमेषला, त्याच्या मित्राकडून कळलं. टँकरवाला हॉर्न देऊन थकला आणि तू आपला शांतपणे रस्ता ओलांडत होतास म्हणे!

पुण्याच्या डॉक्टरांनी कानाच्या ऑपरेशनला सोळा तारीख दिली आहे. तुझा डावा कान तीस वर्षं बंद, त्यामुळे यंत्र उजव्यातच बसवायचं, हे त्यांनी नीट समजावलं आहे. यंत्र बसलं की माणसांचं बोलणं कळेल, हॉर्न कळेल. ही तारीख हुकली तर थेट नोव्हेंबर. अनिमेष गाडी घेऊन पंधराला इंदापूरला येईल. बॅग भरून ठेव. जास्वंदीला पाणी घालायला शेजारी सांग.

तुझा लोभ आहेच, त्यासोबत या वेळी थोडा आज्ञाधारकपणाही असावा.
तुझी
पद्मा

*

इंदापूर
५ सप्टेंबर

चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. टँकरची गोष्ट खरी आहे. पण सोळा तारीख जमणार नाही. एकवीसला सर्वपित्री आहे.

तू म्हणशील, दादा कधीपासून पितृपंधरवडा पाळायला लागला? पंधरवडा नव्हे, माझं एक पान तुला ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी मी त्या दिवशी वर्षभरात गेलेल्या ब्लूज, सोल, जॅझवाल्यांच्या नावाने एक पान वाढतो आणि प्रत्येकाची एकेक तबकडी लावतो. सातासमुद्रापार गेलेल्या माणसांसाठी इंदापुरात कोण रडणार? म्हणून मी.

यंदा त्या पानावर आपले सर्जेराव आहेत. पळसदेवच्या बँडचे सर्जेराव, ट्रम्पेटवाले. माझ्या खोलीत बसून शिकागोच्या तबकड्या ऐकायचे आणि लग्नात नवरी निघाली की तेच सूर वाजवायचे. नवरीच्या आईला वाटायचं, हे आपल्याच घरचं दुःख आहे. आषाढात ते गेले. बनाबाईंना त्यांच्या ट्रम्पेटच्या पेटीत एक टेप सापडली. त्यांनी एकट्याने वाजवून भरलेली. मीही ऐकलेली नाही. नवऱ्याचे सूर सर्वपित्रीलाच लावायचे, त्याआधी घरात नाही, असं बनाबाईंनी ठरवलं आहे. त्या स्वतः घेऊन येणार आहेत.

डॉक्टरांनी तुला अर्धंच सांगितलं, किंवा तू अर्धंच लिहिलंस. यंत्र बसलं की कानात उरलंय तेही जाऊ शकतं आणि गाणं पूर्वीसारखं लागत नाही. मला सर्जेरावांना एकदा माझ्या स्वतःच्या कानाने ऐकायचं आहे. मग काय कापायचं ते कापा.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा
दादा

*

बारामती
९ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

अर्धं मीच लिहिलं, कारण उरलेलं अर्धं वाचून तू हेच करणार हे मला माहीत होतं. मेलेल्यांसाठी जिवंत माणसाने टँकरखाली जायचं, ही कुठली रीत? सर्जेराव असते तर त्यांनीच तुला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं.

डॉक्टरांना मी फोन करून तारीख सोडली. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तुझ्या कार्यक्रमाला मी येणार नाही. अळूवड्या मात्र अनिमेषबरोबर पाठवते, कारण तुझ्या स्वयंपाकवाल्या बाईच्या वड्या पाहून कावळा परत जाईल.

लोभ आहे, पण आज तो दाखवायची माझी इच्छा नाही.
पद्मा

*

इंदापूर
२२ सप्टेंबर

चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम फार उत्तम झाला. तू यायला हवी होतीस. पंधरा-वीस माणसं होती, पिंपळीहूनही दोघे आले. अनिमेष वड्या देऊन कॉलेजच्या गडबडीत लगेच निघाला. परदेशातल्या तिघांच्या तबकड्या झाल्या. कावळ्याने पहिली तुझीच वडी उचलली.

मग टेप. काय सांगू तुला! सुरुवात दबकत, दारात चप्पल काढून कोणी आत येतं तशी. मग तो त्यांचा लांबवलेला खालचा सूर, आणि वर जाताना नेहमीसारखा किंचित घसरलेला. मी डोळे मिटून घेतले. संपल्यावर मी मोठ्याने म्हटलं, वा सर्जेराव! बनाबाई पदराने डोळे पुसत होत्या. आता मी तृप्त आहे. पण ऑपरेशनची घाई नको. अजून चांगलं ऐकू येतं, हे काल सिद्धच झालं. दिवाळीनंतर बघू.

आता राग सोडून ख्यालीखुशाली कळवावी.
तुझा
दादा

*

बारामती
२६ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

हे पत्र कसं लिहू ते मला कळत नाही. तीन कागद फाडले.

काल बनाबाईंचा फोन आला. त्यांनी तुला सांगायचं नाही असं बजावलं आहे, पण मी सांगणार. दादा, ती टेप वाजलीच नाही. त्यांच्या भाच्याने बटण दाबलं, एक घरघर झाली आणि फीत आतल्या चाकात गुंडाळली गेली. त्याने टेपरेकॉर्डर बंद केला. तोवर तू डोळे मिटून मान डोलवायला लागला होतास. बनाबाई म्हणाल्या की आमी कुणीच काय बोललो न्हाय, एवढा रंगलेला माणूस, त्याला कसं हलवायचं, म्हून सगळी तशीच बसून राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही. तू वा म्हणालास तेव्हा त्यांना रडू आवरलं नाही.

उजवा कान कधी गेला, दादा? मला खरं सांग. मी रागावणार नाही. मी तेव्हा तिथे असायला हवं होतं, तुझा हात धरायला.

तुझ्यावरचा लोभ कधी कमी नव्हता, हे तुला ठाऊक असू दे.
पद्मा

*

इंदापूर
३० सप्टेंबर

चि. सौ. पद्मास आशीर्वाद.

कान सर्वपित्रीच्या आदल्या आठवड्यात गेला. सकाळी कुकरची शिट्टी झाली नाही, असं वाटून मी बाईंवर ओरडलो. त्या बोटाने कुकर दाखवत होत्या. कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच.

तबकड्या फिरताना दिसतात, म्हणून त्या तिघांचं निभावलं. टेपच्या वेळी डोळे मिटले आणि सर्जेराव आले. चांगलं ऐकू येतं हे खोटं लिहिलं, पण टेपबद्दल लिहिलं ते खोटं नव्हतं, मी ऐकलं तेच लिहिलं. फक्त ते टेपवरचं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला दुसरंच काही खातं आहे. वीस माणसं माझ्याभोवती श्वास रोखून बसली होती. सर्जेरावांची बायको, जिने दोन महिने ती टेप जपली, तिला स्वतःला एक सूरही ऐकायला मिळाला नाही, आणि तरी ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी तिच्याच समोर वा म्हणत होतो. तिचं दुःख माझ्यापासून दोन हातांवर होतं आणि मला पत्ता नव्हता.

गाणं पूर्वीसारखं लागणार नाही ना? न लागो. पत्र्याच्या डब्यासारखं लागो. मला समोर बसलेली बाई का रडते आहे, हे तरी कळायला हवं. मिळेल ती तारीख घे. बॅग मी भरून दाराशी ठेवली आहे.

लोभ आहेच, तो आता आवाजासकट हवा.
तुझा
दादा