भावोजी परवडतात का?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरलीय, खरोखर घातला तर मला उठवायला भावोजी लागतील आणि भावोजींना उठवायला क्रेन). आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, थेंब घातल्यावर डोळे मिटून पड, टीव्ही कुठे पळून जात नाही. आम्ही दोघं इकडे बरे आहोत, म्हणजे जिवंत आहोत. तू गेल्यापासून फ्रीजमध्ये खायला काही नसतं, नुसता बर्फ असतो. भावोजी रोज खेळून येतात, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधतात आणि सोफ्यावर आडवे होतात. सोफा संपतो, भावोजी संपत नाहीत. उरलेले पाय माझ्या खुर्चीवर असतात.

फोनवर विचारत होतीस, क्लबात चाललंय तरी काय? सांगतो, पण बसून वाच. आमच्या मालकांना (जन्मभर फरशा विकल्या आणि उतारवयात हौसेने बास्केटबॉलचा संघ विकत घेतला, तेच ते) एके सकाळी साक्षात्कार झाला की खेळाडू परवडत नाहीत. कोण आपल्या पगाराच्या लायकीचा आहे ते मोजून द्या, म्हणाले. जो तळाला येईल त्याला पुढच्या वर्षी नारळ. क्लबात हिशेबनीस मी एकटाच, त्यामुळे ही धोंड माझ्याच गळ्यात पडली. मी आपला सरळ मार्ग धरला, मिळवलेले पॉइंट भागिले पगार. मालक खूश, कारण फरशांचाही हिशेब ते असाच करतात. आणि तळाला कोण यावं? तुझे धनी! (यंदा त्यांनी एक बास्केट मोठ्या तडफेने केली होती, पण ती आपल्याच जाळीत.)

या वयात आणि या गुडघ्यांवर त्यांना दुसरं कोण घेणार? म्हणून सगळ्या मॅचेसची रेकॉर्डिंग पाहायला बसलो. डोळ्यांच्या खाचा झाल्या, तेव्हा कुठे दिसलं की हा माणूस बॉल टाकायच्या भानगडीत पडतच नाही, तो मध्ये उभा राहतो. आमचा हिरो, ज्याला सगळे तोफ म्हणतात, बॉल घेऊन सुटतो, त्याला अडवायला दोन धटिंगण धावतात, आणि ते येऊन भावोजींच्या छाताडावर आदळतात. भावोजी धाडकन खाली. तोफ मोकळी, बास्केट तोफेची, टाळ्याही तोफेला. भावोजी आपले गुडघा चोळत उठतात आणि पुन्हा जाऊन मध्ये उभे राहतात. याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता गं! मी नवा रकाना काढला, 'दुसऱ्याला मोकळं करणे', आणि पगार सगळ्यात कमी असल्यामुळे भावोजी थेट पहिले आले. मला रडूच आलं, खरं सांगतो.

गोष्ट इथे संपायला काय हरकत होती? पण तू फोनवर म्हणालीस, पहिला नंबर ना, मग मागा की पगारवाढ! भावोजी भोळा सांब, गेले मागायला. मालक म्हणाले, मागणी रास्त आहे. वाढलेला पगार हिशेबात घातला आणि भावोजी धपकन तळाला! आता तळाचा माणूस ठेवायचा कसा? मी म्हटलं, अहो, वाढ देऊच नका, म्हणजे ते पहिले येतात. त्यावर मालक म्हणाले, पहिला आलेल्याला वाढ न देणं हा अन्याय आहे, आणि मी कुणावर अन्याय करत नाही. सारी दुपार आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरत होतो. वाढ दिली की नालायक, काढून घेतली की लायक. मध्येच कोच डोकावला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि चहा न घेताच निघून गेला. सोमवारी करारावर सह्या आहेत. मी दमलोय गं.

तुझा,
कंबर धरलेला धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. वाढ नको म्हणून त्यांना तूच सांग. माझं ऐकत नाहीत, 'वाढ घेईन असा तुझ्या ताईला शब्द दिलाय' म्हणतात.

पुन्हा ता. क. मालकांना तो हिशेब इतका आवडला की त्यांनी ऑफिसलाही लावला. धोबी, ड्रायव्हर, मालिशवाला, 'दुसऱ्याला मोकळं करणे' या रकान्यावर सगळे पास झाले, शेवटचा मी. (पॉइंट शून्य. शून्याला कशानेही भागा.) सोमवारपासून मी रिकामा. भावोजींना यातलं काही माहीत नाही, तूही बोलू नकोस. त्यांना आपले गुडघे पुरेसे आहेत.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात कोचचा फोन आला. भावोजी सकाळीच मालकांकडे जाऊन आले म्हणे. (मला काढल्याचं धोब्याने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही.) वाढ नको म्हणाले, आहे त्याच पगारावर सही करून मोकळे झाले, अट एकच, मेहुण्याला काढायचं नाही. मला मात्र अवाक्षर बोलले नाहीत. आत्ता सोफ्यावर घोरतायत. तेव्हा वरचं सगळं रद्द समज आणि शब्द मोडला म्हणून त्यांना रागावू नकोस. येताना बर्फाचे मोठे ट्रे घेऊन ये. माझी खुर्ची मी त्यांच्या पायांना देऊन टाकलीय, हे पत्र जमिनीवर बसून लिहितोय.