आपल्या नावाचा सहावा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांपैकी सात अंगांचा धरावा. आठवं डॉक्टरांना विचारून पाठवीन.) वहिनींना नमस्कार. तुझा दमा, वहिनींची पाठ आणि तुमचं गळकं छप्पर, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. अक्षर वाकडं दिसेल ते चालवून घे, कागद गुडघ्यावर ठेवून लिहितो आहे. तोच गुडघा.

सहा ओळी छापून येण्यासाठी माणसाला खरा खर्च काय येतो, ते आधी ऐक. तीन महिने. एक कोट, जो शिवून आला त्या दिवशीच पोटावर बसत नव्हता. पुढचा एक नवा दात, कारण फोटोवाला म्हणाला, हसा, आणि मी हसल्यावर म्हणाला, नका हसू. एकवीस नातेवाइकांना फोन, ज्यांतल्या चौघांशी आपलं बोलणं छान बंद होतं ते पुन्हा सुरू झालं, हे नुकसान वेगळं. आणि गेल्या अकरा दिवसांची झोप. एवढं सगळं घालून त्या सहा ओळी कुणाच्या निघाल्या, ते सांगायलाच हे पत्र. पण थकलेला माणूस सरळ मुद्द्यावर येत नाही, त्याला आधी जरा बसू द्यावं लागतं.

तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहितो. एकाच वर्षात झालेल्या दोन मुलांना तुझ्या आणि माझ्या वडिलांनी आजोबांचं एकच नाव ठेवलं, कारण दोघांपैकी कुणी माघार घेईना. (आजोबा तेव्हा हयात होते. त्यांना कुणी विचारलं नाही.) आडनाव एक, नाव एक, फरक काय तो मधल्या नावाचा, आणि ते पाटीवर कोण लिहितो. त्यात हे नाव आपल्याआधी भलत्याच लोकांनी वापरून मोठं करून ठेवलेलं. तापावर ग्रंथ लिहिणारा वैद्य. नदीवर पूल बांधणारा इंजिनियर. एकदाच हरलेला पहिलवान. गवई. आणि तो आकाश बघणारा, ज्याला धूमकेतू सगळ्या जगाच्या आधी नऊ दिवस दिसला आणि जो कळवायला विसरला. पाचांपैकी एकही आपला नातेवाईक नाही, पण पाचांचीही जन्मसालं मला तोंडपाठ आहेत. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

धंदा सुरू केला तेव्हा पान्ह्यांची पेटी आणि हे नाव, एवढंच माझं भांडवल. गिऱ्हाईक विचारायचं, “पूलवाल्यांचे कोण आपण?” मी म्हणायचो, “आता काय सांगायचं,” आणि खाली बघायचो. खोटं एक अक्षर बोललो नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, मोठ्या घरचा मुलगा आहे, विनय आहे. पहिल्या नऊ लिफ्टा मला त्या खाली बघण्यावर मिळाल्या. पहिलवानाचाही एकदा उपयोग झाला. माझी सही बघून एका भाडेकरूनं वाद न घालता जागा सोडली. (नंतर मला रस्त्यात बघितलं आणि परत राहायला आला.) गवयाचा मात्र तापच. एका निरोपसमारंभात मला धरून माइकसमोर उभं केलं. मी घसा खाकरला तेवढ्यावरच त्यांची खात्री पटली.

पण लिफ्ट सांभाळण्यात मी कुणाच्या नावावर जगलो नाही, हे तूही मान्य करशील. एकतीस वर्षं. एकशे बारा लिफ्टा आज आपल्या देखभालीत आहेत. मोटरचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते मी जिन्यावरून सांगतो. इतक्या वर्षांत आपल्या लिफ्टमध्ये माणूस म्हणून अडकलेला नाही. एकदा कपाट अडकलं, एकदा मांजर (त्यात मांजराची चूक होती), पण माणूस नाही. ऑफिसात खास वही ठेवली आहे, वर ‘माणूस अडकला’ असं छापून घेतलं आहे, खाली तारीख, पत्ता, नाव असे रकाने, आणि पहिल्या पानापासून ती कोरी आहे. येणाऱ्याला मी चहाच्या आधी ती वही दाखवतो.

आता मुद्दा. ते नामवंतांचा चरित्रकोश काढतात ना, त्यांचं कार्यालय आपल्या देखभालीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी जातीनं तेलपाणी करतो, कारण ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. लिफ्टच्या टपावर काळोखात बसलेल्या माणसाला इमारत सगळं सांगते. पहिल्या मजल्यावरचा वकील अशिलासमोर काय म्हणतो आणि अशील गेल्यावर काय म्हणतो. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे कोण ओरडतं (बहुधा डॉक्टर). तीन महिन्यांपूर्वी असाच टपावर बसलो असताना वरून संपादकबाईंचा आवाज आला. त्यांच्यासोबत मुद्रितं तपासणारे गृहस्थ होते, ज्यांना इमारतीत सगळे ‘शुद्धलेखन’ म्हणतात.

“या नावाचे पाच झाले ना?” बाई म्हणाल्या. “सहावा घ्यायचाय.”

“अजून एक? वाचणाऱ्याला भोवळ येईल.”

“येऊ दे. अडतीस वर्षं एकच काम केलंय माणसानं. काळोखात वाकून बघायचं, दोरी खाली सोडायची, वर ओढायची. एक खाडा नाही. नाव नाही, पैसा नाही.”

“हयात आहेत का? पत्ता?”

“शोधा तुम्ही.”

“शोधायचा काय,” शुद्धलेखन म्हणाले, “आपल्या लिफ्टमध्ये पाटी आहे की त्यांची. फोन नंबरसकट.”

दादा, तेलाचा डबा हातात तसाच राहिला. एकतीस वर्षं स्वतःची आणि सात उमेदवारीची, झाली अडतीस. दोरी, काळोख, वाकून बघणं. यात शंकेला जागा कुठे आहे ते तूच सांग. (‘पैसा नाही’ एवढं खटकलं, पण म्हटलं, लोकांना आतलं कुठे माहीत असतं.) खरं लिहितो. आपल्या घरात भूगोलाचा एक मास्तर आहे, जो दर रविवारी सायकल काढून चाळीस विहिरींवर जातो, शिसं बांधलेली दोरी आत सोडतो आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहितो. ‘दोरीवाले मास्तर’ म्हणून सगळं घर त्याला हसत आलं आहे (सुरुवात मी केली होती). तो माणूस मला टपावर बसून एकदाही आठवला नाही.

फॉर्म आला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो. ‘कार्य’ या रकान्यापुढे लिहिलं होतं, माहिती आमच्याकडे आहे, भरू नये. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं आपलं काम आपणच लोकांना सांगत फिरलो, आता कुणीतरी आपसूक माहिती ठेवून आहे. मग कोट, दात आणि ते एकवीस फोन. धाकट्या आत्यांना मी काय सांगितलं, ते त्यांनी तुझ्याकडे नक्की तिखटमीठ लावून पोचवलं असेल. ते सगळं खरं आहे. तिखटमीठही माझंच होतं.

अकरा दिवसांपूर्वी मुद्रित तपासायला आलं. कंसात सहा. नाव आपलं. जन्मतारीख माझी, वडील माझे, फोटो माझा, कोटातला, तोंड घट्ट मिटलेला. आणि खाली, ‘भूगोलाचे शिक्षक. चाळीस विहिरींच्या पाणीपातळीची अडतीस वर्षांची अखंड नोंद. तीन टंचायांमध्ये कुठल्या वस्तीला किती पाणी, हे यांच्या वह्यांवरून ठरले.’

तीन टंचायांमध्ये, दादा. तू कधी बोलला नाहीस. (बोलला असशील तर मी तेव्हा लिफ्टबद्दल सांगत असेन.)

तुझ्या भावजयीनं चष्मा लावून सगळं वाचलं. “फोटो बरा आलाय,” म्हणाली. मग म्हणाली, “तुम्हाला पोहता तरी येतं का?” त्या दिवसापासून दोन्ही जेवणांना एकच विषय. “भाऊजींना कळवलंत?” कळवतो. “त्यांचा फोन पडलाय विहिरीत, ते नवा घेणार नाहीत. पत्र लिहा.” लिहितो. “मग भात वाढू की लिहिताय?” मी भात घ्यायचो.

अकरा दिवस मी काय विचार केला, तेही लिहून टाकतो. म्हटलं, नाव तर दोघांचं एकच आहे. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. काम तुझं राहतं, तोंड फक्त माझं जातं, आणि तुला तसाही फोटो काढून घ्यायचा कंटाळा. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला काय फरक पडणार आहे. त्या पहिलवानाच्या निम्म्या कुस्त्या तरी त्याच्याच असतील कशावरून. हे सगळं मला इतकं पटत गेलं, की पहिला सोमवार आला तरी मी त्या इमारतीकडे फिरकलो नाही. संपादकबाई जिन्यात भेटल्या असत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तेलपाण्याची पाळी चुकवली.

पण मग डोळ्यांसमोर यायला लागलं, की कोश निघाल्यावर कुणीतरी विचारणार, “विहिरीवाले ते आपणच का?” आणि मी म्हणणार, “आता काय सांगायचं,” आणि खाली बघणार. दादा, खाली बघायचा मला आता कंटाळा आला आहे. मान दुखते. आज संध्याकाळी सहाला पानं छापखान्यात जातात. म्हणून जेवण झाल्यावर उठलो, तुझ्या भावजयीला न सांगता निघालो, आणि सगळं सांगायला इथे आलो आहे. अजून सांगितलेलं नाही. साडेचार वाजले.

वहिनींना पुन्हा नमस्कार. छपराला डांबर लावून घे.

तुझा धाकटा,
(नाव तेच)

ता. क. ‘इथे आलो आहे’ असं वर लिहिलं आहे, ते अर्धंच खरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे आहे. पावणेचारपासून. तेलपाणी चुकवलं तर ती काय करते, ते आता मला कुणी सांगायला नको. पेटीवर बसून लिहितो आहे. आपल्याच ऑफिसला फोन केला. नवीन मुलगी आहे, आवाज स्वच्छ. म्हटलं, माणूस अडकलाय. म्हणाली, “घाबरू नका. नाव सांगा.” सांगितलं. “ते बाहेर गेलेत. तुमचं नाव सांगा.” पुन्हा सांगितलं. “हो, आले की देते निरोप. पण तुमचं?” म्हटलं, मीच तो. ती म्हणाली, “काका, आमच्या लिफ्टमध्ये माणूस अडकत नाही. माझ्यासमोर वही आहे.” वाक्य माझंच आहे. पहिल्याच दिवशी मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. शेवटी जुन्या मेकॅनिकनं फोन घेतला आणि आवाज ओळखला. निघाला आहे म्हणे.

आणि आणखी एक. इथून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी पाऊण तास मी हाक न मारता तुला पत्र लिहीत बसलो आहे. सहा वाजले की पानं जातील आणि मी काहीही न करता कोशात जाईन, असा तो बेत होता. कागद संपत आला, म्हणून बेत उघडा पडला.

ता. क. दुसरा. पाच वाजता हाक मारली. संपादकबाई आल्या. मला त्यांच्या चपला दिसतात, त्यांना माझं टक्कल. त्याच अवस्थेत सगळं सांगितलं, विहिरी, दोरी, टपावर बसून ऐकणं, सगळं. चपला हलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, “टपावरून आणखी काय काय ऐकलंत?” म्हटलं, वकिलांचं बरंच. त्यांनी मुद्रिताची गुंडाळी करून जाळीतून खाली सोडली आणि मी माझ्याच पेनानं, नाव सोडून, सगळं माझं खोडलं. माझ्या वडिलांचं नाव काढून काकांचं लिहिलं. (दोघे असतील तिथे पुन्हा भांडायला बसले असतील.) मग जन्मतारखेशी आलो आणि पेन थांबलं. पाच परक्यांची सालं पाठ आहेत आणि तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा, यापलीकडे मला काही माहीत नाही. शुद्धलेखन वरून म्हणाले, “सख्खे का?” म्हटलं, चुलत. म्हणाले, “तरी.”

तेव्हा काम असं आहे. बाई आपलं पान गुरुवारपर्यंत अडवून धरतात. हे पत्र घेऊन जुना मेकॅनिक उद्या तुझ्या दारात येईल, त्याच्याच हाती तारीख आणि फोटो दे. कोट घालू नकोस. दोरी घे हातात. आणि त्या एकवीस जणांना तूच कळव, मी फोन केला तर ते पुन्हा अभिनंदन करतील.

ता. क. तिसरा. सव्वापाचला बाहेर निघालो. मेकॅनिक नियमाला पक्का माणूस आहे, येताना वही घेऊन आला होता. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, आजची तारीख, या इमारतीचा पत्ता आणि आपलं नाव आहे.