यादीत राहिलेला नळ

७ मे २०२५

बाबांचं कडावचं मोटार-रिवायंडिंगचं दुकान विकून आठ दिवस झाले. करारासोबतची बासष्ट बाबींची यादी मी केली— सिरियल नंबरांसकट. मोडकं स्टूलसुद्धा, क्रमांक एकोणचाळीस. आणि दुकानाबाहेरचा नळ राहिला! इलेक्ट्रिकल डिप्लोमा, प्रथम श्रेणी.

९ मे

नवा मालक जितेश याने नळ काढून बूच ठोकलं. दुकानासमोर करवंदं विकणारी जनाबाई रोज तिथूनच हंडा भरून वाडीवर न्यायची. वाडीची विहीर आटली आहे. जितेशचं म्हणणं, ही फुकटची गर्दी त्याने विकत घेतलेली नाही. मी म्हटलं, नळही घेतलेला नाही.

"भिंत तर माझी हाय ना, मॅडम?"

"भिंत तुमची. पाणी आमचं."

"मग उचला नि घरी न्या."

मुद्दा वाईट नव्हता.

१० मे

जनाबाई आता नदीवरून दोन खेपा करते. मला बघून म्हणाली, "दुकान इकलं नि नळ इसरलीस? लई शिकलीस गं." आणि करवंदं निवडत बसली.

बाबांना सांगितलं. दुकान गेल्यापासून ते कुकरच्या शिट्ट्या मोजतात. चौथी झाल्यावर म्हणाले, नळ चालू राहिला पाहिजे. का, ते नाही.

११ मे

रविवार. कराराची कलमं पुन्हा वाचली. 'यादीत नसलेलं सर्व विकणाऱ्याचं.' म्हणजे नळ आमचा. फक्त कागद हवा.

१३ मे

ग्रामपंचायतीत गेले. बेत सरळ होता— जोडणी बाबांच्या नावावर असल्याचा दाखला घ्यायचा, जितेशच्या काउंटरवर ठेवायचा, बूच काढायचं. पर्समध्ये पाना होता.

जुनी नोंदवही निघाली. जोडणी १९९४ची. नाव— शुक्रा हिलम.

जनाबाईचा बाप.

पाना परत आणला.

१४ मे

बाबा अखेर बोलले. "दुकानाची जागा शुक्राची. मी पैसं देत व्हतो, तो नको म्हणला. म्हणला, पाणी दे. माज्यामागं पोरीला बी." कागद? नाही. जनाबाईला माहीत आहे? "तिलाच तर माहीत हाय."

यादी काढून बघितली. क्रमांक एक— दुकानाची जागा. मालकी निर्विवाद.

अक्षर माझं.