वरच्या मजल्याचा अर्ज

नाशिकरोड, ४ जानेवारी २०२६

चि. सौ. प्रतिभास,
सुलावहिनीचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून लिहिते. तुझे रवीदादा नगरसेवकपदाला उभे आहेत. बांगलादेशातल्या चितगावच्या डोंगरातून हाकललेली सात चकमा कुटुंबं विहारामागच्या मंडपात राहतात, आपल्यासारखीच बुद्धवंदना घेतात. बाकीचे उमेदवार म्हणतात, हाकला. तुझा दादा म्हणतो, अजून येऊ द्या, एकेकाला घर देतो. बोलणं चांगलंच आहे. पण बोलतंय कोण? नऊ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचा जलदानविधी झाला त्याच संध्याकाळी माझी ट्रंक वरच्या मजल्यावरून जिन्यात आणून ठेवणारा माझा धाकटा दीर! तुला माहेर आहे की, म्हणाले होते. माहेरी कोणी उरलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी निर्वासितांसाठी अर्ज छापलेत, सभेत वाचून दाखवणार आहेत. मी शब्दकोश उघडला. निर्वासित म्हणजे घरादारातून घालवलेला. परदेशाचा त्यात उल्लेख नाही. मी अर्ज भरून दिला.

तुझा लोभ कमी होईल, पण संपू देऊ नकोस.
तुझी सुलावहिनी

सटाणा, ८ जानेवारी

ती. सुलावहिनीस,
प्रतिभाचा सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचता वाचता भाकरी करपली. नऊ वर्षं मीही गप्प बसले, ते चुकलंच. पण भर सभेत दादाला तोंडघशी पाडलंस तर तो पडेल आणि हाकला म्हणणारे निवडून येतील. म्हणजे सूड तुझा, आणि ट्रंका त्या बायांच्या बाहेर. कांदा काढायला माणूस मिळेना, नाहीतर येऊन तुझे हात धरले असते. तू वाचायला शिकलीस तेव्हा दादा म्हणाला होता, आता ही वकील होणार. झालीस बाई!

माझ्यावर माया आहे तेवढी राहू दे.
तुझी प्रतिभा

नाशिकरोड, १३ जानेवारी

चि. सौ. प्रतिभास, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सभा होती. भाऊजी ऐटीत एकेक अर्ज माईकवर वाचत होते, आधी नजरही न टाकता. चौथा माझा. नाव वाचलं. कुठून घालवले, तर याच गल्लीतून, वरचा मजला, हेही वाचलं. कोणी घालवले, तिथे थांबले. मागून कोणीतरी ओरडलं, वाचा की साहेब!

पण माणूस तयारीचा. खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढली, हात जोडले, वहिनी, आत्ताच्या आत्ता घरी चला म्हणाले. टाळ्या पडल्या. नऊ वर्षं एका नमस्कारात फिटणार होती.

मी किल्ली घेतली आणि मंडपातल्या एका गरोदर चकमा बाईच्या हातात दिली. तिची सासू आणि दोन मुलं सोबत होती. माईकवर सांगितलं, माझे दीर बोलतात ते करतात, यांनाच मत द्या. मग त्यांना हसावंच लागलं. परवा मतदान. मीही त्यांनाच देणार आहे.

काल वरच्या खिडकीत त्या लेकरांचे कपडे वाळत होते. तुझा थोरला भाऊ तिथे बसून पेपर वाचायचा. मी खालूनच बघितलं, वर गेले नाही.

सकाळी भाऊजी आले होते. डोक्यावर दिवसभर धाडधाड चालतं म्हणाले. ही माणसं किती दिवस राहणार, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या अर्जात मुदतीचा रकाना नव्हता.

लोभ ठेव. त्यांना माफ केलं का, ते मात्र विचारू नकोस.
तुझी सुलावहिनी