आसरा आम्हालाच का ओढतात?

१२ मे, रविवार
सांगलीहून गावी आलो तेव्हापासून माया वरच्या आळीतल्या जयराजच्या विहिरीवरून हलत नाही! त्याची पोरं धपाधप उड्या मारतात, ही काठावर बसून बघते. "आई, मला का नाही गं पोहता येत?" मला तरी कुठे येतं? माझ्या वडिलांना, आबांना? नाही. आत्याला? नाही. आख्ख्या बौद्धवस्तीत एक माणूस पोहणारा नाही — आणि कृष्णा हाकेच्या अंतरावर! कधी लक्षातच आलं नव्हतं.

१३ मे
मोबाइलवर वाचलं. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या तलावात, समुद्रकिनाऱ्यावर उतरू देत नसत. म्हणून आजही त्यांच्यात पोहणारे कमी. आईबाप पाण्याला भितात, मग पोरंही भितात. वाचता वाचता उठून बसले. आमचंही असंच काही?

१४ मे
आबांना विचारलं. जुनंच उत्तर — "आसरा हायत त्या हिरीत. पाण्यातल्या बाया. पाय धरून वढत्यात." लहानपणी हे ऐकून माझी पाचावर धारण बसायची. आज म्हटलं, "मग जयराजच्या पोरांना का नाही ओढत? आसरांना जात कळते?"
आबा शेळीला पाला टाकायला उठले. पाला आधीच टाकलेला होता.

१६ मे
आज चहा पिताना आबा आपणहून बोलले. "आसरा-बिसरा काय न्हाईत गं." मायाएवढे असताना त्यांनी त्या विहिरीत उडी मारली होती. कुणीतरी बघितलं. "हीर बाटली म्हनले. बैल सोडलं आन् आमच्या बाला मोटंला जुंपलं. समदं पानी उपसून घेतलं. खांद्याची सालटी निघाली त्येच्या. मग पोरास्नी काय सांगायचं? आसरा सांगितल्या."
मला रडू आलं. रागही आला — आबांचाही! इतकी वर्षं मी बायांना घाबरत होते.

१७ मे
जयराजला गाठलं. शाळेत एका वर्गात होतो. मायाला तुझ्या विहिरीत पोहायला शिकवशील का? "अगं ये की! इचारतीस काय? गेलं ते दिवस." त्याच्या आईने, संयोगिताकाकूंनी, चहा दिला. घरच्याच कपात. मी कप निरखून बघितला, आणि माझी मलाच लाज वाटली.
आबांना सांगितलं. "जा," म्हणाले. एवढंच.

१८ मे
माया पोहली! म्हणजे बुडाली, किंचाळली, पाणी प्याली, हसली. पाठीला तेलाचा रिकामा कॅन, कमरेला दोर, दोर जयराजच्या हातात. मीही उतरले! पाणी काय गार! काकू बांधावर उभ्या होत्या. हसल्या नाहीत. आबा आलेच नाहीत.

१९ मे
पहाटेपासून मोटर चालू. माया टॉवेल घेऊन पळत गेली, तर विहीर तळाला गेलेली. जयराज माझ्याकडे बघेना. "आई म्हनली... उसाला सोडलंय पानी."
कुठला ऊस? त्याचं रान नांगरून उघडं पडलंय. पाणी ओढ्याला चाललं होतं. घरापर्यंत मोटरचा आवाज येत होता. आबा ओट्यावर बसून ऐकत होते.

२० मे
आबा म्हणाले, "त्या हिरीचं झरं लय जित्तं हायत. बानं उपसली तवाबी भरली हुती." मग थांबून — "भरली की मीबी येतो. पाठीला बांधायला मोठा डबा बघ माज्यासाठी."