यात कुठलीही मेख नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय टीव्ही मालिकांचे संवाद लिहिणे (आता बंद), पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी तपासून दिला, तो सोबत जोडला आहे. छातीत धडधड आहे, ती दाखल्यात नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यात मालिकेसाठी लिहिलेली चौदाही आली, कारण वकीलसाहेब सांगतात, "बाई, तुमच्या भागातलं मृत्युपत्र जसंच्या तसं उतरवून लोक माझ्याकडे येतात."

१. राहतं घर, तीन खोल्या, आतल्या सामानासह माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. घर माझ्या लिखाणाच्या कमाईचं आहे, तेव्हा कोणाची आडकाठी चालणार नाही. अट कोणतीही नाही. माझ्या मालिकेत प्रत्येक मृत्युपत्राच्या चौथ्या ओळीत 'परंतु' यायचा आणि पाठोपाठ वीज कडाडायची. सूनबाई, इथे 'परंतु' शोधू नकोस. तू शोधणारच, आणि त्याच धास्तीने मी हे कलम सातव्यांदा लिहिते आहे.

२. कारण नोंदवण्याची गरज नाही, असं वकीलसाहेबांचं मत. माझं मत वेगळं आहे.

सहा वर्षांपूर्वी निर्मात्यांचा फोन आला. "धाकटी सून अगदीच गरीब गाय झालीय, बाई. प्रेक्षक पेंगतोय. तिच्या हातात काहीतरी द्या." मी मान वर केली. समोर जेवणाच्या टेबलाशी माझी सून बसली होती. औषधांच्या दुकानात नोकरी करणारी मुलगी. घरी येऊन चहाही न घेता ती कात्रीने माझ्या गोळ्यांची पाकिटं कापून डबीचे कप्पे भरत होती, सकाळ, दुपार, रात्र. मी तेच उचललं. फक्त मालिकेतल्या सुनेला मी गोळ्या बदलायला लावल्या.

भाग तुफान चालला. पत्रांचा ढीग आला. "तुमच्यामुळे माझे डोळे उघडले, आता सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही," असं एका बाईंनी लिहिलं. ते पत्र मी कौतुकाने घरात वाचून दाखवलं, सुनेलाही. तिच्या दुकानात गिऱ्हाइकं हसत विचारू लागली, "बदलल्या नाहीत ना?" पुढे हसणं थांबलं, विचारणं राहिलं. मालकाने तिला काउंटरवरून उठवून मागच्या कोठीत बसवलं.

आणि मग मीसुद्धा गोळ्या तपासू लागले. लिहिणारी मी, सगळं खोटं हे मला ठाऊक, तरी डबी उघडली की प्रत्येक गोळी उजेडात धरून पाहायचे. एका दुपारी गोल गोळीच्या जागी लांबट निघाली. घरात माझी बहीण आलेली, मुलगा सुट्टीवर. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या घरात राहून माझ्याच जिवावर उठलीस?" वाक्य माझंच, भाग चारशे बारा.

"आई, कंपनी बदलली हो," सून म्हणाली. "औषध तेच आहे."

इतकं साधं उत्तर मी कोणत्याच सुनेला कधी लिहून दिलं नव्हतं, म्हणून ते आम्हाला उत्तर वाटलंच नाही. मालिकेत अशा वाक्यानंतर सगळे गप्प होतात आणि एकेकाचा चेहरा दाखवतात. आम्हीही गप्प झालो. बहिणीने मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे, मी भिंतीकडे. पुढचं वाक्य कोणीतरी बोलेल म्हणून सगळे थांबलो. तेवढ्या वेळात सून पिशवी भरून निघून गेली.

संध्याकाळी डॉक्टर गोळी पाहून म्हणाले, "अहो, तीच आहे की ही." हे मी कोणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते. मला लाज वाटते.

३. माझी बचत आणि पुस्तकांचं कपाट मुलाला. बाळा, त्या दुपारी तू तोंडात मिठाची गुळणी धरलीस, म्हणून घर नाही. आठवड्याने का होईना तिच्यामागे गेलास, म्हणून बाकी सगळं. लहानपणी तुला टीव्हीपुढे बसवून मीच भरवलं, तेव्हा फार बोलत नाही.

४. टीव्ही बहिणीला. ती अजून म्हणते, "गोळीत काहीतरी होतंच हो, तू उगाच विषय सोडलास." तिच्यापुढे मी हात टेकले.

५. मालिकेचे हक्क निर्मात्यांचे आहेत, ते मला देता येत नाहीत. मालिका पुन्हा दाखवायला घेतली आहे आणि सोमवारी गोळ्यांचाच तो भाग चारशे बारा लागणार. तो वगळा म्हणून मी विनवलं. ते म्हणाले, "बाई, लोक तोच तर मागतायत." सून आत्ता कुठे पुन्हा काउंटरवर उभी राहू लागली आहे. माझी झोप उडाली आहे.

६. इथवरचं वाचून पाहिलं आणि हात थांबला. सासू मरते, कागद उघडतो, आत माफी असते, सगळे रडतात, आणि मेलेल्या बाईला कोणी उलट बोलू शकत नाही. हा प्रसंग मी तीनदा लिहिला आहे. हा चौथा झाला. सुनेला बोलायला जागा मी याही वेळी ठेवली नाही.

सबब दुसऱ्या कलमातला मजकूर मी जिवंतपणी, सोमवारच्या आत, तिच्या दुकानात रांगेत उभी राहून, गिऱ्हाइकांच्या देखत सांगेन. तिने घर नाकारलं तर नाकारावं. चार शब्द सुनावले तर ऐकेन. निघा म्हणाली, तर निघेन.

अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. विचार स्पष्ट होते.
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दारातल्या शिंपीणबाई. मी वाचून मगच सही केली.

स्थळ: जेवणाचं टेबल
दिनांक: शनिवार, चालू महिन्याची नऊ
सही: (केली)

ता. क. दुकान एक वाजता बंद होतं, गाडी खाली आली आहे. तिथे काय बोलायचं, ते मी लिहून घेतलेलं नाही.